बिनलिंबाचा वास

१

कुस्ती संघटनेचं पत्र रमीझ वस्ताद मोठ्यानं वाचायला लागला आणि मध्येच त्याचा आवाज बसला. तुतीच्या झाडाखाली आम्ही चहा पीत होतो. हातातले पेले हातातच राहिले.

हिद्रेलेझच्या, म्हणजे वसंताच्या सणाच्या, मैदानात तुंजायनं शेवटची कुस्ती मारली, तेव्हा त्याची लघवी तपासणीला गेली होती. तिच्यात टेस्टोस्टेरॉन सापडलं होतं. त्याच्या अंगानं बनवलेलं नव्हे, बाहेरून आलेलं. शुक्रवारी सुनावणी. ते कुठून आलं हे दाखवता आलं नाही तर बंदी. म्हणजे जुलैचं मोठं मैदान गेलं, आणि त्यामागोमाग भर उमेदीची वर्षंही गेली.

तुंजाय उठला. टेबलावरचा पाव त्यानं उचलला, ओठांना लावला, कपाळाला टेकवला.

"ह्या पावाची शपथ, वस्ताद. मी काही घेतलं नाही. हिवाळ्यात तपासलं होतं ना? स्वच्छ होतो."

"हिवाळ्यात होतास," वस्ताद म्हणाला. "आता नाहीस."

"मग कुणीतरी घातलंय माझ्यात!"

त्यानं हे म्हटलं मात्र, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा चहात बुडवल्या. त्या अंगणात बाहेरचं माणूस येत नाही. घालणारा असलाच, तर तो याच तुतीखाली बसून साखर ढवळत होता.

मी मेस्तान, जाझगर. मैदानात जोडी उतरली की पैलवानांची नावं सुरात हाकारायची, त्यांच्या मुलुखाची आणि वस्तादांची थोरवी गायची, हे माझं काम. तुंजायला मी हिद्रेलेझला असा हाकारला होता:

नदीला मागे सारून आला, वाऱ्याला अंगी बांधून आला,
नांगरल्या रानाचा वास घेऊन आईचा लाडका चालून आला!

लोकांनी टोप्या उडवल्या होत्या. आता तेच लोक मला विचारणार, काय रे मेस्तान, वाऱ्याला बांधून आला की सुईला?

वस्तादानं मला बाजूला घेतलं. "तू पोलीस नाहीस, वकील नाहीस. पण तुझ्यासमोर माणसं बोलतात. शुक्रवारच्या आत मला नाव हवंय."

"आणि ते नाव आपल्यातलंच निघालं तर?"

तुतीवरून एक पिकलं फळ टपकन पडलं आणि वस्तादाच्या पांढऱ्या शर्टावर डाग उमटवून गेलं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही.

२

पहिला संशय झेकाईवर जाणार हे झेकाईलाही ठाऊक होतं. तो आमचा मालीशवाला. तेलाचे तांब्याचे कुंभ त्याच्या ताब्यात, कपड्यांच्या खोपटाची किल्ली त्याच्या कमरेला. तरुणपणी दुसऱ्या गावच्या तालमीत कुणाला सुया टोचल्याचा बोलवा त्याच्यामागे होता.

मी खोपटात शिरलो तेव्हा तो म्हशीच्या कातड्याच्या विजारी तेल लावून मऊ करत होता.

"ये जाझगर, ये. फासाचा दोर बरोबर आणलास का घरून घेऊन येऊ?"

"सुया कुठे ठेवतोस, झेकाई?"

"माझ्या सासूच्या जिभेत. बघायच्यात?" त्यानं विजार खाली ठेवली. "अरे, माझ्याच हातानं त्या पोराची पाठ चोळतो मी. सुईचं भोक मला दिसलं नसतं? मुरूम दिसले. वसंत लागल्यापासून पाठभर मुरूम. मिसरूड फुटलेल्या पोरासारखे. मी चेष्टा केली त्याची, लेका, दुसऱ्यांदा वयात येतोयस की काय?"

"तेलात काही मिसळलं असेल कुणी?"

"एकाच कुंभातलं तेल सगळे अंगावर ओततात. मग सगळेच दोषी निघायला हवेत. निघाले का?"

हे खरं होतं. तपासणी आमच्या तालमीतल्या दोन पोरांची झाली होती आणि दुसरा स्वच्छ निघाला होता. मी निघणार तेवढ्यात झेकाई मागून हळूच म्हणाला,

"एक सांगतो. माझं नाव मध्ये आणायचं नाही. सकाळी मी खोपटात येतो ना, तेव्हा तिथे वास असतो. स्पिरिटचा."

"तुझ्या कोलोन्याचा असेल." आमच्याकडे हातावर कोलोन्याचं सुगंधी स्पिरिट शिंपडल्याशिवाय पाहुणासुद्धा घरात बसत नाही.

"माझ्या कोलोन्याला लिंबाचा वास असतो. सगळ्या मुलुखाच्या कोलोन्याला असतो. हा वास बिनलिंबाचा." त्यानं नाकावर बोट ठेवलं. "आणि माझ्याआधी खोपटात रोज एकच माणूस आलेला असतो. वस्तादानं त्याला दुसरी किल्ली दिलीय."

"कोण?"

झेकाई दाराबाहेर पाहत राहिला. बाहेर उन्हात रेफिक दगड उचलत होता.

३

रेफिक! तीन ढाली मिळवलेला रेफिक. कधी काळी त्याला हाकारताना मला शब्द पुरत नसत. मग एकाएकी तो गळाला. अंगावरचं मांस उतरलं, चेहऱ्यावरची रया गेली. दोन वर्षं तो घरी बसला आणि या वसंतात परत तालमीत आला. रोज सकाळी दगड, रोज दुपारी मटण, आणि दगडांच्या आधी तुंजायशी अंगभर तेल लावून कुस्ती. तुंजायला जोडीला तोच. दुसऱ्या कुणाला त्याचं वजन पेलत नसे.

मी जाऊन त्याच्याजवळ बसलो. छातीशी धरलेला दगड त्यानं धप्पकन खाली सोडला.

"मेहनत करतोयस."

"करतोय. अंगाला लागत नाही." त्यानं दंडाकडे असं पाहिलं की जणू दंड शेजाऱ्याचा होता. "बैलासारखा खातो, बैलासारखा राबतो. आरशात बघावं तर शिंप्याच्या दुकानातला लाकडी पुतळा. वय झालं, मेस्तान."

"चाळिशी म्हणजे काय वय? तुझा वस्ताद त्या वयात ढाली मारत होता."

बोलता बोलता रेफिकनं भिंतीला डोकं टेकलं आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागला. भर सकाळी! मी वाकून त्याच्या श्वासाचा वास घेतला. चीज, चहा. दारूचा मागमूस नव्हता.

मागे वस्ताद शेगडीवर एडक्याचे वृषण भाजत होता. पैलवानाच्या अंगात एडक्याची रग यावी म्हणून आमच्याकडे ते खाऊ घालतात. त्यानं मला खुणेनं बोलावलं.

"त्याच्यावर संशय घेतोयस?"

"सकाळी खोपटात पहिला तोच जातो. वास येतो म्हणतात."

वस्तादानं चिमट्यानं एक तुकडा उलटला. "लोक म्हणतात, रेफिक पहाटेच पितो. मी तसं मानत नाही. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. तुंजायवर बंदी आली, तर जुलैच्या मैदानात आमच्या तालमीकडून पहिल्या जोडीत कोण उतरणार?"

मला उत्तर ठाऊक होतं. ते उत्तर भिंतीला टेकून झोपलं होतं.

"आणि कुस्ती संपली की रोज स्वतःच्या हातानं ताक कोण पाजतं पोराला?" वस्ताद म्हणाला. "धाकट्या भावासारखं?"

४

बुधवारी दुपारी गुल्सेरेन वहिनींनी, रेफिकच्या बायकोनं, मलाच बोलावणं धाडलं. रेफिक दळणाला गेला होता. वहिनींनी चीज भरून भाजलेली बोरेक पुढे ठेवली, पण हात मात्र स्वतःच्या ओच्यातच घट्ट धरून बसल्या. अंगणात त्यांची पाचेक वर्षांची लेक दुयगू मांजराशी बोलत होती.

"मेस्तान भावजी, तुम्ही चौकशी करताय म्हणे. मग मलाही खरं सांगा. ह्यांचं बाहेर काही आहे का?"

"बाहेर म्हणजे?"

"बाई! बाई आहे का दुसरी?" त्यांचा आवाज चिरकला. "वसंत लागल्यापासून हे अंगात शर्ट घालून झोपतात. आमच्या उकाड्यात! मी खांद्यावर डोकं टेकवायला गेले, तर विस्तव लागल्यासारखे सरकले. स्वतःचे शर्ट स्वतः धुतात, वेगळे. लग्नाला बारा वर्षं झाली, या माणसाला साबण कुठे ठेवलाय ते माहीत नव्हतं."

"तालमीतलं तेल लागतं म्हणून असेल."

"तेल काय आज लागतंय? बरं, मी नको तर नको. पण लेकीनं काय केलंय?" त्या अंगणाकडे पाहत राहिल्या. "ती ह्यांच्या खांद्यावरच वाढली. आता पळत आली की हे तिला हातभर अंतरावर धरतात. पोर विचारते, बाबा माझ्यावर रागावलेत का? मी काय सांगू तिला?"

मी बोरेकची बशी बाजूला सारली.

दारू, बाई, विष. एकाच माणसावर तीन संशय, तीन तोंडांतून आलेले. गावाला तो दारुडा वाटत होता, बायकोला बाहेरख्याली, वस्तादाला घातकी. पण ज्याची बाई बाहेर असते तो बायकोपासून लपतो. लेकीला कशाला हातभर लांब धरेल?

नदीकाठानं घरी येताना मी ते तीन संशय गाण्याच्या ओळींसारखे पुन्हा पुन्हा लावून पाहत होतो आणि दर वेळी एक ओळ कमी पडत होती. इतक्यात समोरून झेकाई धावत आला. चपला हातात.

"पळ मेस्तान! तुंजायला कुणीतरी ताकाचं सांगितलं. तो रेफिकच्या घराकडे गेलाय, आणि त्याचे डोळे मला धड दिसले नाहीत."

५

रेफिक दळण घेऊन नुकताच दारात पोचला होता. तुंजायनं त्याची कॉलर धरली होती. पिठाची गोणी फुटून दोघांच्या पायांवर पांढरं पसरलं होतं. वहिनी दुयगूला पोटाशी धरून उभ्या होत्या.

"दादा म्हणायचो तुला!" तुंजाय ओरडला. "ताकात काय घालत होतास? बोल!"

"मीठ," रेफिक म्हणाला. "पोरा, फक्त मीठ."

"सोड त्याला," मी म्हणालो. "तो खरं बोलतोय. ताकात काही नव्हतं."

"तुला काय माहीत?"

"कळलं आत्ता, येता येता. वहिनी, लेकीला आत न्या. नाही, तुम्ही दारातच थांबा. तुम्हीही ऐकायला हवं." मी रेफिककडे वळलो. "मी बोलतो. चुकलो तर थांबव. खोपटात पहाटे स्पिरिटचा वास येतो, लिंबाशिवायचा. तोंडाला मात्र दारूचा वास नाही. म्हणजे ते स्पिरिट पोटात जात नाही, अंगाला लागतं. बायकोला खांद्याशी येऊ देत नाहीस, लेकीला खांद्यावर घेत नाहीस. म्हणजे जे लागतं ते खांद्याला लागतं, आणि दुसऱ्याला लागलं तर बाधतं. तू राबतोस, खातोस, तरी अंग भरत नाही, बसल्या जागी झोप येते. माणूस असा का गळतो, हे मी एकदा रेडिओवर डॉक्टरांकडून ऐकलं होतं. रेफिक, तुझ्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी पडतंय. आणि तू त्याचं औषध खांद्याला चोळतोस."

रेफिकचे हात खाली आले. रागावून नाकारेल असं वाटलं होतं. तो उंबऱ्यावर पिठातच बसला.

"जेल आहे," तो म्हणाला. "स्पिरिटातलं, पाण्यासारखं. लावलं की वाळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात धुवा, वर शर्ट घाला, बायका-मुलांना अंग लागू देऊ नका. लहान पोरीला लागलं तर तिच्या अंगात नको ते सुरू होतं म्हणे. मी इतका घाबरलो, की घरात डबीसुद्धा ठेवली नाही. खोपटात ठेवली. पहाटे तिथेच लावायचो. घरापासून लांब. दुयगूपासून लांब."

"आणि मग?"

"मग वाळलं की..." तो थांबला. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

"मग वाळलं की अंगावर तेल ओतून तुंजायला मिठी मारायचास," मी म्हणालो. "मान मानेला, खांदा गालाला, छाती पाठीला, उन्हं वर येईपर्यंत. आमच्यात तर समोरच्याच्या पाठीला आपल्याच हातानं तेल लावायची रीत. जगात दुसऱ्या कुठल्या औषध घेणाऱ्याचं अंग रोज दुसऱ्या पुरुषाला इतकं लागतं? डॉक्टरीणबाईंना ते सुचलं नाही, तुलाही नाही. त्या म्हणाल्या बायका-मुलं, तू बायका-मुलं जपलीस. तुझं औषध तेलाबरोबर पुसून ह्याच्या अंगात जात होतं. म्हणून ह्याच्या पाठीला मुरूम आले, आणि म्हणूनच तुझं अंग भरलं नाही."

तुंजायची मूठ सुटली. तो रेफिककडे नाही, स्वतःच्या तळव्यांकडे पाहू लागला.

"पत्र आलं तेव्हापासून हे माझ्या मनात होतं," रेफिक हळू म्हणाला. "पण मी मनाला समजवायचो, जे माझ्या अंगात चढेना ते त्याच्या अंगात कसं चढेल? बाई दर खेपेला रक्त तपासायच्या. कमीच. म्हणायच्या, मात्रा वाढवू. वाढवली. मी मुकाट लावत राहिलो."

"मला का नाही सांगितलंत?" दारातून वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता आणि रागाखाली सुटकाही होती.

"काय सांगू? की तुझा नवरा, तीन ढालींचा पैलवान, पुरुषपणाची डबी आणायला औषधाच्या दुकानात जातो? तेही दुसऱ्या गावी, टोपी खाली ओढून?"

कुणी हसलं नाही.

"शुक्रवारी हे तिथे सांगशील?" मी विचारलं. "सगळ्यांसमोर? वर्तमानपत्रवाले असतील. हे औषध परवानगीशिवाय घेणं पैलवानाला मना आहे. पोर सुटेल. तू अडकशील. तुझी जुलैची वाट बंद होईल, आणि लोकांची तोंडं उघडतील."

रेफिकनं पिठात बोटानं एक रेघ ओढली, पुसली, परत ओढली. उठून तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

६

शुक्रवारी सुनावणीच्या खोलीत आम्ही बसलो तेव्हा रेफिकची खुर्ची रिकामी होती. पंचांनी तुंजायला विचारलं, हे तुझ्यात कुठून आलं? तुंजायनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकत होतो. पण माझ्या तोंडून ते ऐकीव ठरलं असतं, आणि ती लाज उचलून चव्हाट्यावर ठेवायचा हक्क माझा नव्हता.

"मला सांगता येणार नाही," तुंजाय म्हणाला.

मला वाटलं, ह्याला पंचांचा प्रश्न ऐकू आला नाही. मग कळलं, चांगला ऐकू आला होता. ज्यानं रेफिकच्या दारात कॉलर धरली होती तोच आता तोंड मिटून बसला होता, आणि स्वतःची उमेद त्या मिटल्या ओठांमागे कोंडून घेत होता.

पंच लिहायला वाकला, तेवढ्यात दार उघडलं. रेफिक होता. दाढी केलेली, लग्नातला कोट. मागे गुल्सेरेन वहिनी. त्यांच्यामागे एक अनोळखी बाई. डॉक्टरीणबाई, हे नंतर कळलं.

"उशीर झाला, माफ करा," रेफिक म्हणाला. "ह्यांना आणायला गेलो होतो. नुसत्या माझ्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवला नसता." मग कठड्याला दोन्ही हातांनी धरून त्यानं सांगितलं. सगळं. टेस्टोस्टेरॉन हा शब्द पहिल्यांदा उच्चारताना त्याची जीभ अडखळली, दुसऱ्यांदा नाही. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. वहिनींनी मान वळवून त्या दिशेला असं पाहिलं की ते हसू तिथेच विरलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे आकडे पंचांपुढे ठेवले. "अंगाला लागून हे दुसऱ्यात जातं, ही जाणलेली गोष्ट आहे. मी बायका-मुलांबद्दल सांगितलं. हे गृहस्थ रोज काय करतात ते मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

पंचांनी दुपारपर्यंत खल केला. हिद्रेलेझची कुस्ती तुंजायच्या नावावरून काढली. अंगात होतं ते होतं. पण त्याचा दोष नाही, बंदी नाही, जुलैचं मैदान खुलं. रेफिकला मात्र मैदान बंद, जोवर हे औषध चालू आहे तोवर. म्हणजे बहुधा कायमचंच. बाई म्हणाल्या, आता जेल नको, सुई घ्या. ती कुणाला लागत नाही. रेफिकनं मान हलवली. त्याच्याकडे पाहायची हिंमत आमच्यातल्या कुणालाच झाली नाही.

परतीच्या वाटेवर वस्तादाच्या गाडीत आम्ही सहाजण दाटीवाटीनं बसलो होतो, झेकाई आणि वहिनीसुद्धा. दोन्ही बाजूंना सूर्यफुलं पाठ करून उभी. मागच्या बाकावर रेफिक आणि तुंजाय शेजारी शेजारी, आणि दोघांत वहिनींची पिशवी.

"आधी सांगितलं असतंस तर?" तुंजाय खिडकीबाहेर पाहत म्हणाला.

"तू हसला असतास."

तुंजायनं विचार केला. खोटं बोलायची संधी त्याला होती.

"हो," तो म्हणाला. "हसलो असतो, दादा. खूप हसलो असतो."

रेफिकनं डोळे मिटले.

"आणि मग," तुंजाय म्हणाला, "हसून झाल्यावर दुसऱ्या कुणाशी तरी सराव केला असता, आणि गप्प बसलो असतो." त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मधली जागा मोकळी केली. "सुई कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग मंगळवारी ये. मैदान तुला बंद आहे. तालीम नाही."

पुढच्या बाकावर वस्तादानं घसा खाकरला. आरशात त्याचे डोळे दिसत होते, रस्त्यावर रोखलेले, फार जास्त रोखलेले.

"रेफिक," तो म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाई... आपल्या गावच्या माणसांना वेळ देतात का? म्हणजे माझा एक ओळखीचा आहे. त्याच्यासाठी विचारतोय."

आधी वहिनी हसल्या. मग झेकाई. मग, कितीतरी दिवसांनी, रेफिक.

"देतात, वस्ताद," तो म्हणाला. "टोपी काढून जा म्हणावं तुमच्या ओळखीच्याला."